दोरीवर चढणाऱ्या रोबोंची वेळ : वाचकांचे प्रश्न

शाळा-महाविद्यालयांच्या रोबो स्पर्धांचा हंगाम जवळ येत असल्यामुळे या वेळी वेळमोजणीविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील पाच पत्रे, चढणाऱ्या रोबोंशी संबंधित असल्याने, एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरशालेय रोबो स्पर्धा होते. उभ्या टांगलेल्या दोरीवरून लहान रोबोने दोन मीटर चढायचे आणि सर्वांत कमी वेळ घेणारा संघ जिंकतो. गेल्या वर्षी पहिल्या दोन संघांच्या वेळा स्टॉपवॉचवर ७.४२ आणि ७.४६ सेकंद आल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाच्या पालकांनी निकालाला हरकत घेतली. यंदा आम्ही इलेक्ट्रॉनिक सेन्सर लावणार आहोत. वाद होऊ नये म्हणून कोणता सेन्सर घ्यावा?
— विज्ञान शिक्षिका, ऐरोली

उत्तर : सेन्सर विकत घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात, असा माझा आग्रह आहे. घड्याळ नेमके कोणत्या क्षणी सुरू होते आणि नेमके कोणत्या क्षणी थांबते? आपल्या नियमपत्रिकेत ‘रोबो वर पोहोचल्यावर’ असे काहीतरी लिहिलेले असावे, असा माझा अंदाज आहे. रोबोचे वरचे टोक रेषेला लागले की पोहोचला म्हणायचे, की संपूर्ण रोबो रेषेच्या वर गेला की? एखाद्या संघाने वर एक काडी बसवली, तर ती धरायची का? याचे उत्तर नियमात नसेल तर कितीही महागडा सेन्सर घेतला तरी वाद टळणार नाही, कारण तो पंचांच्या नजरेऐवजी सेन्सरच्या जागेवरून होईल.

आता गेल्या वर्षीच्या निकालाविषयी. डोळ्यांनी पाहून बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो आणि हा काळ प्रत्येक वेळी सारखा नसतो. सुरुवात आणि शेवट या दोन्ही ठिकाणी तो सारखा असता तर वजाबाकीत निघून गेला असता, पण तसे होत नाही. रोबो कधी सुटेल हे आधी कळत नसल्यामुळे सुरुवातीचे बटण उशिरा दाबले जाते. शेवटी मात्र रोबो रेषेकडे येताना दिसत असतो आणि बोट आधीच तयार असते. त्यामुळे हाती मोजलेली वेळ बहुधा खऱ्या वेळेपेक्षा कमी येते, आणि किती कमी येते हे बटण दाबणाऱ्यावर अवलंबून असते. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांत हाती मोजलेली वेळ ट्रॅकवरील शर्यतीत वरच्या दशांश सेकंदाला नेतात, म्हणजे १०.११ ही वेळ १०.२ अशी नोंदवतात, ती याच कारणासाठी. त्या हिशेबाने आपल्या दोन्ही संघांची वेळ ७.५ सेकंद झाली असती. ०.०४ सेकंदाच्या फरकावर एका संघाला पहिला ठरवणे हाती मोजणीत योग्य नव्हते आणि पालकांच्या हरकतीत तथ्य होते.

या ०.०४ सेकंदाकडे लांबीच्या हिशेबानेही पाहावे. दोन मीटर ७.४२ सेकंदांत म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २७ सेंटिमीटर. या वेगाने ०.०४ सेकंदात रोबो जेमतेम एक सेंटिमीटर चढतो. सुरुवातीला एका संघाने आपला रोबो दोरीवर एक सेंटिमीटर वर धरला असेल, तर तेवढ्यावरच निकाल फिरू शकतो. म्हणून पहिला खर्च सुरुवातीच्या ओट्यावर करावा. दोरी टांगलेल्या चौकटीला पक्का बसवलेला सपाट लाकडी ठोकळा, मधून दोरी जाण्यापुरती खाच, आणि प्रत्येक रोबोचा तळ त्या ठोकळ्यावर टेकलेला असलाच पाहिजे असा नियम करावा. रोबोची उंची संघासंघाला वेगळी असते, त्यामुळे तळापासून सुरुवात आणि माथ्यापाशी शेवट असे धरले तर उंच रोबोला तेवढे अंतर कमी पडते. यावर दोन उपाय आहेत. एकतर सर्व रोबोंसाठी उंचीची एकच मर्यादा घालून उरलेला फरक मान्य करावा, किंवा प्रत्येक रोबोच्या माथ्यापासून वर दोन मीटर मोजून शेवटची रेषा त्या संघापुरती हलवावी. दुसरा उपाय अधिक न्याय्य आहे, पण स्पर्धेच्या दिवशी फार वेळ खातो. शालेय स्पर्धेसाठी मी पहिला निवडेन.

शेवटच्या रेषेचे चिन्ह दोरीवर करू नये. नायलॉनची दोरी वजनाने ताणली जाते आणि ओली झाली की आणखी ताणली जाते. नवी मुंबईच्या पावसाळी हवेत सकाळी बांधलेली खूण दुपारी त्याच उंचीवर राहीलच असे नाही. रेषा लोखंडी किंवा लाकडी चौकटीवर असावी आणि दोरी शक्यतो पॉलिएस्टरची घ्यावी. दोरीच्या खालच्या टोकाला वजन टांगले तर ती कमी डुलते.

आता सेन्सर. बहुतेक जण प्रकाशकिरण तुटल्यावर घड्याळ थांबवणारी रचना सुचवतात. जमिनीवर धावणाऱ्या रोबोसाठी ती उत्तम आहे, पण दोरीवरचा रोबो चढताना स्वतःभोवती फिरतो. त्याचा एखादा कोपरा किंवा लोंबती वायर आधी किरणात येते, दुसऱ्या फेरीत आणखी काही आधी येते, आणि एकाच रोबोची ‘पोहोचण्याची उंची’ दर वेळी बदलते. त्यापेक्षा वरच्या टोकाला स्पर्शाची प्लेट लावावी. ॲक्रिलिकची हलकी गोल चकती, मध्ये दोरीसाठी भोक, चकती चौकटीपासून सैल लटकवलेली, आणि तिच्या अगदी वर एकमेकांपासून सारख्या अंतरावर लांब पट्टीचे तीन लिमिट स्विच (पट्टी दाबली की संपर्क जोडणारे), समांतर जोडलेले. रोबोने खालून चकती ढकलली की तिन्हींपैकी जो स्विच आधी दाबला जाईल तो घड्याळ थांबवेल. रोबो कोणत्याही बाजूला तोंड करून आला तरी त्याचा सर्वांत वरचा बिंदूच चकतीला लागतो. भिंत चढण्याच्या वेगस्पर्धेतही खेळाडू १५ मीटर वर असलेल्या पॅडवर हात मारून स्वतःच घड्याळ थांबवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम फेरीत इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने ४.७५ सेकंदांत चीनच्या वू पेंगला, म्हणजे ४.७७ सेकंदांना, मागे टाकले. त्या खेळाडूंच्या वेगाला ०.०२ सेकंद म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर. आपल्या रोबोंच्या वेगाला तेवढाच काळ म्हणजे जेमतेम अर्धा सेंटिमीटर. म्हणून आपली चौकट मिलिमीटरच्या काळजीने उभी करावी लागते.

सुरुवातीसाठीही ओट्यात एक स्विच बसवावा आणि रोबोचा तळ उचलला जाताच घड्याळ सुरू व्हावे. शिट्टीवर घड्याळ सुरू केले तर बटण दाबणाऱ्या विद्यार्थ्याच्या बोटाची चपळाई रोबोच्या वेळेत मिसळते, आणि रोबो स्पर्धेत ती मोजण्याचे कारण मला दिसत नाही. सेन्सर ऐनवेळी बंद पडला तर तीन जणांच्या हाती स्टॉपवॉच द्यावेत आणि मधली वेळ धरावी. दोघांची वेळ जुळली तर तीच धरावी. ॲथलेटिक्समध्ये हाच नियम आहे.

प्रश्न : मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. आमच्या गटाने अर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), लेझर आणि एलडीआर (प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक) वापरून दोन टायमर बनवले. एकाच रोबोची एकाच फेरीतील वेळ दोन्ही टायमरवर मोजली तर ४० ते ७० मिलिसेकंदांचा फरक येतो. जोडणी आणि प्रोग्राम दोन्हीकडे सारखेच आहेत. मग फरक कुठून येतो?
— विद्यार्थी, ठाणे पश्चिम

उत्तर : एकाच फेरीवर दोन टायमर लावून पाहण्याची तुमची पद्धत मला फार आवडली. हे तपासल्याशिवाय टायमर स्पर्धेला नेणारे अनेक गट असतात. तुमच्या फरकात निदान तीन कारणे मिसळलेली असावीत.

मोठा संशय एलडीआरवर आहे. प्रकाश पडल्यावर त्याचा रोध कमी व्हायला आणि प्रकाश गेल्यावर पुन्हा वाढायला वेगवेगळा वेळ लागतो, आणि हा वेळ दहा-वीस मिलिसेकंदांपासून त्याच्या कित्येक पटींपर्यंत असू शकतो. तुमच्या रचनेत सुरुवातीला रोबो किरणातून बाहेर पडतो, म्हणजे एलडीआरवर प्रकाश येतो, आणि शेवटी रोबो किरणात शिरतो, म्हणजे प्रकाश जातो, असे असेल तर दोन्ही विलंब वजाबाकीत कटत नाहीत. शिवाय खोलीतील उजेड बदलला की तुम्ही ठरवलेली सीमा ओलांडायला लागणारा वेळही बदलतो. एलडीआर काढून फोटोट्रान्झिस्टर (प्रकाशाने चालू होणारा ट्रान्झिस्टर) लावा. तो काही मायक्रोसेकंदांत प्रतिसाद देतो आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ किमतीत मिळतो.

दुसरे कारण प्रोग्राममध्ये असणार. मुख्य लूपमध्ये पिन वाचणे, एलसीडीवर चालू वेळ लिहिणे आणि मग थोडा डिले (ठरावीक काळ थांबण्याचा आदेश) असा क्रम असेल, तर किरण डिले चालू असताना तुटला की त्याची दखल डिले संपल्यावरच घेतली जाते. डिले ५० मिलिसेकंदांचा असेल तर चूक शून्य ते ५० मिलिसेकंद यांत कुठेही पडेल, आणि दोन टायमरवर ती वेगवेगळी पडेल. आयटूसी (दोन तारांच्या) जोडणीच्या एलसीडीवर दोन्ही ओळी पुन्हा लिहायलाही कित्येक मिलिसेकंद जातात. उनोच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांवर इंटरप्ट (सिग्नल बदलताच चालू काम थांबवून दखल घेण्याची सोय) लावा, इंटरप्टच्या आत फक्त मायक्रोज फंक्शनची किंमत (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद) एका व्होलटाइल (इंटरप्टमध्ये बदलू शकणाऱ्या) चलात साठवा, आणि एलसीडीवर काही लिहायचे असेल ते फेरी संपल्यावर लिहा. उनोवर मायक्रोज चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी वाढते. तुम्हाला त्याहून बारीक काही लागणार नाही. लिमिट स्विच वापरलात तर त्याचा संपर्क काही मिलिसेकंद थरथरतो, म्हणून पहिला बदल नोंदवून पुढचे अर्धा सेकंदभर दुर्लक्षित करा.

तिसरे कारण बोर्डावरच आहे. उनोच्या मुख्य चिपचे घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालत नाही, सिरॅमिक रेझोनेटरवर चालते, आणि त्याची अचूकता अर्ध्या टक्क्यापर्यंत ढळू शकते. साडेसात सेकंदांच्या फेरीत अर्धा टक्का म्हणजे सुमारे ३७ मिलिसेकंद. दोन बोर्डांचे रेझोनेटर उलट दिशांना ढळलेले असतील तर फरक याच्या दुप्पटही होईल. सर्व संघांची वेळ एकाच बोर्डाने मोजली तर क्रमवारीवर याचा परिणाम होत नाही, कारण सर्वांच्या वेळा एकाच प्रमाणात लांबतात किंवा आखूड होतात. मात्र दोन दोऱ्यांवर दोन बोर्ड लावून एकत्र निकाल लावायचा असेल तर हे चालणार नाही. तिथे एकाच बोर्डाला दोन्ही दोऱ्यांचे सेन्सर जोडावेत, किंवा स्फटिकावर चालणारा बोर्ड घ्यावा.

तपासणीसाठी दोन सोपे प्रयोग करा. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही किरण एकमेकांजवळ आणून एकाच पुठ्ठ्याने एकदम तोडा. टायमरने जवळजवळ शून्य दाखवले पाहिजे. जे दिसेल ती तुमच्या सेन्सरांची आणि प्रोग्रामची चूक. मग पीपीएस पिन बाहेर काढलेले जीपीएस मॉड्यूल घ्या. त्यातून उपग्रहांच्या वेळेशी बांधलेला दर सेकंदाला एक स्पंद मिळतो. ६० स्पंदांचा काळ तुमच्या बोर्डाने मोजा, ६०.२ सेकंद आले तर बोर्डाचे घड्याळ एक-तृतीयांश टक्का जलद चालते हे कळले, आणि तेवढी दुरुस्ती प्रोग्राममध्ये करता येते. पहिला प्रयोग सेन्सर पकडतो आणि दुसरा घड्याळ, म्हणून दोन्ही करा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील स्पर्धेत टायमर हजारांश सेकंदापर्यंत वेळ दाखवतो. गेल्या खेपेला ९.३१४ आणि ९.३१६ या वेळांवर पहिला आणि दुसरा क्रमांक दिला. प्रेक्षकांना हे फार आवडले, पण मला ते खटकत राहिले. माझे खटकणे रास्त आहे का?
— पंच, खारघर

उत्तर : पूर्णपणे रास्त आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर वैयक्तिक मेडले (चार शैलींत) पोहण्याच्या शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी या दोघांचीही वेळ शतांशापर्यंत सारखीच, ४ मिनिटे ३१.९८ सेकंद होती. मग हजारांश पाहिले गेले आणि लार्सनला ०.००२ सेकंदाने सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या वेगाला एवढ्या काळात अंतर पडते सुमारे तीन मिलिमीटर, आणि ५० मीटरच्या तलावाच्या लांबीत तीन सेंटिमीटरपर्यंतची वाढ नियमानेच मान्य आहे. म्हणजे दोन लेनच्या लांबीतील फरक त्या निकालापेक्षा मोठा असू शकतो. पुढे पोहण्याच्या स्पर्धांत वेळ शतांशापर्यंतच धरायची आणि ती सारखी आली तर दोघांना समान क्रमांक द्यायचा, असा नियम झाला.

घड्याळ किती अंक दाखवू शकते यावरून निकालाचे अंक ठरवू नयेत. तुमची चौकट, दोरी आणि शेवटची प्लेट किती अंकांना आधार देतात हे आधी मोजावे. त्यासाठी पोलादी पट्टी पुरते. एक रोबो हाताने हळूहळू वर न्या आणि टायमर नेमका किती उंचीवर थांबतो ते पाहा. रोबो चार दिशांना फिरवून हेच पुन्हा करा. समजा, या उंचींत चार मिलिमीटरचा फरक आला आणि तुमचा रोबो सेकंदाला २५ सेंटिमीटर चढतो. तर शेवटच्या क्षणाची अनिश्चितता सुमारे ०.०१६ सेकंद झाली. सुरुवातीच्या ओट्याची थोडी धरली की ती ०.०२ च्या आसपास जाते. अशा स्पर्धेत निकाल दोन दशांशांपर्यंत जाहीर करावा आणि ०.०२ सेकंदाच्या आत आलेल्या संघांना पुन्हा एक फेरी द्यावी. ही मर्यादा स्पर्धेच्या आधी फलकावर लावलेली असावी. निकाल लागल्यानंतर जाहीर केलेली मर्यादा, ती कितीही योग्य असली तरी, कोणाला पटत नाही आणि पटण्याची अपेक्षाही करू नये.

प्रश्न : सेन्सरऐवजी मोबाइलच्या स्लो मोशन चित्रीकरणावरून वेळ काढली तर चालेल का?
— पालक स्वयंसेवक, कोपरखैरणे

उत्तर : पूरक पुरावा म्हणून जरूर. नेहमीच्या चित्रीकरणात सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) असतात, म्हणजे दोन चौकटींत ३३ मिलिसेकंदांचे अंतर. सेकंदाला २४० चौकटी घेतल्या तर ते सुमारे चार मिलिसेकंदांवर येते. मात्र कॅमेरा शेवटच्या रेषेच्या उंचीवरच, तिपाईवर स्थिर असावा. जमिनीवरून वर रोखलेल्या कॅमेऱ्याला रोबो रेषेपाशी पोहोचल्याचा क्षण तिरका दिसतो आणि रोबो दोरीच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या, यावर तो बदलतो. सुरुवात आणि शेवट एकाच चित्रणात यावेत म्हणून सुरुवातीच्या स्विचला जोडलेला एक एलईडी वर, रेषेजवळ लावावा.

प्रश्न : आमच्या रोबोची पहिली फेरी ८.१ सेकंदांची झाली आणि तासाभराने दुसरी ८.९ ची. आम्ही टायमरवर आक्षेप घेतला, पण पंचांनी तो फेटाळला. शिवाय दुपारी त्याच सभागृहात टायमर मधूनच आपोआप सुरू होत होता. आक्षेप चुकीचा होता का?
— विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. ०.८ सेकंद म्हणजे जवळजवळ दहा टक्के, आणि चालणाऱ्या टायमरमध्ये एवढी चूक सहसा येत नाही. तुमची बॅटरी तीन सेलची लिथियम पॉलिमर असेल तर पूर्ण भरल्यावर ती १२.६ व्होल्ट देते आणि वापरात ११.१ च्या आसपास येते. डीसी मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात असतो, त्यामुळे सुमारे १२ टक्क्यांपर्यंतचा फरक त्यातूनच निघू शकतो. दुसऱ्या फेरीआधी बॅटरी भरली होती का, हे आठवून पाहा. प्रत्येक फेरीआधी मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून वेळेशेजारी लिहून ठेवले तर पुढच्या खेपेला आक्षेप घ्यायचा की बॅटरी भरायची, हे लगेच कळेल.

टायमर आपोआप सुरू होण्याची तक्रार मात्र पंचांनी नोंदवून घ्यायला हवी होती. पश्चिमेच्या खिडक्यांतून दुपारचे ऊन थेट सेन्सरवर आले तर साधा इन्फ्रारेड रिसीव्हर फसतो. ३८ किलोहर्ट्झवर चमकणारा प्रकाश आणि तेवढ्याच वारंवारतेला प्रतिसाद देणारा रिसीव्हर वापरला तर उन्हाचा त्रास बराच कमी होतो. त्यावर काळ्या कागदाची नळी बसवली तर आणखी कमी. दुसरे कारण तारांचे असू शकते. वरच्या प्लेटपासून खालच्या बोर्डापर्यंत तीन-चार मीटर लांब, सैल सोडलेल्या तारा शेजारच्या मोटरींचा विद्युत गोंगाट उचलतात आणि बोर्डाला तो स्विच दाबल्यासारखा वाटतो. तारा एकमेकींभोवती पिळून न्याव्यात, बोर्डाच्या आतल्या पुल-अपवर (स्विच उघडा असताना पिन स्थिर ठेवणाऱ्या रोधावर) विसंबण्याऐवजी बाहेरून एक ते साडेचार किलोओहमचा रोध लावावा आणि पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशन विभागात काम करणारे कोणी पालक तुमच्या संघात असतील तर त्यांना ही जोडणी दाखवा. लांब तारांतून येणारा गोंगाट रोखणे हे त्यांचे नेहमीचे काम असते. आणि आयोजकांकडे लेखी विनंती करा की, ज्या फेरीत टायमर रोबो हलण्याआधी सुरू झाल्याचे दिसेल ती फेरी रद्द करून, बॅटरी पुन्हा भरायला वेळ देऊन, पुन्हा घेतली जावी.